तारा चालू असताना जबडा वाजायला लागला त्याची गोष्ट

दातांना तारा लागल्या तेव्हा मी सव्वीस वर्षांची. आमच्या अमळनेरात या वयाच्या पोरीला लोक स्थळं सुचवतात, ब्रेसेस नाही, त्यामुळे घरात आधीच कुरबुर होती. पण वरचे दात लहानपणापासून पुढे आणि खालचे एकमेकांवर चढलेले, आणि आता क्लासचे पैसे माझे स्वतःचे होते (आठवी ते दहावीच्या पोरांना गणित-सायन्स शिकवते), म्हणून म्हटलं करूनच टाकू. जळगावच्या एका ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणाऱ्या डॉक्टर) मॅडमकडे सुरू केलं. महिन्यातून एकदा सकाळच्या गाडीने धरणगाव, पाळधी करत जळगाव, तार बदलायची, रबरांचे रंग निवडायचे, दुपारी परत. दाढांच्या पुढचे चार दात काढले, वरचे दोन खालचे दोन. पहिलं वर्ष सगळ्यांचं जातं तसंच माझं गेलं, गालाला जखमा, मेण, पातळ वरण, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी भानगड पुढे सुरू झाली. मॅडमनी मागच्या दाढांवर निळ्या सिमेंटचे उंचवटे लावले, बाईट ब्लॉक म्हणतात त्याला, वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर, म्हणजे दाताला चिकटवलेल्या तार धरणाऱ्या खुंट्यांवर, आपटू नयेत म्हणून. आणि सोबत इलास्टिक दिले, बारीक रबरं, वरच्या सुळ्याच्या हुकापासून खालच्या दाढेच्या हुकापर्यंत दोन्ही बाजूंना ताणून लावायची, जेवण आणि ब्रश सोडून चोवीस तास. पाकिटावर प्राण्याचं चित्र असतं, प्राणी बदलला की साईज आणि ताकद बदलते, माझ्या क्लासच्या पोरांना त्याचं फार कौतुक, मॅडम आज कोणता प्राणी म्हणून विचारायची.

तर त्याच सुमारास उजव्या कानाच्या पुढे टक असा आवाज यायला लागला. आधी फक्त जांभई देताना, मग मुरमुऱ्यांचा भत्ता खाताना, मग नुसतं "पायथागोरस" म्हटलं तरी. दुखत नव्हतं म्हणून काही वाटलं नाही. पण फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावीचा सीझन, सकाळी सहापासून बॅचेस, रात्री सराव परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे, आणि त्या दिवसांत सकाळी उठल्यावर जबडा असा जड की तोंडात कुणी रात्रभर काहीतरी चावत बसलं होतं असं वाटावं, कानशील दुखतंय, कान दडा बसल्यासारखा. मला वाटलं कानच बिघडला. गावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी बॅटरीने आत बघितलं, म्हणाले पडदा एकदम क्लीन आहे, आणि मग कानाच्या पुढे बोट दाबून म्हणाले तोंड उघडा. टक. मी कळवळलेच. म्हणाले हा कान नाही, हा जबड्याचा सांधा आहे, टीएमजे, तुमच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा, मी कानात ड्रॉप टाकून उपयोग नाही. फक्त तपासणी फी घेतली, औषध नाही लिहिलं. अशा डॉक्टरांबद्दल मला आदर आहे.

घरी मात्र डॉक्टरांचा तुटवडा नव्हता. आजी (आमची आजी फक्त अहिराणीच बोलते) म्हणे, "चांगला दात व्हतात, कसाले त्या तारा बांध्यात?" आणि रात्री मी दात खाते हे मम्मीने सांगितल्यावर तिचं निदान फायनल झालं, "पोटमा जंत व्हई ग्यात." मावशीचं म्हणणं तारांनी जबडा सरकला, आता तोंड वाकडं होईल, मग कोण करेल लग्न. पप्पांना शेजारच्या खेड्यातले एक हाडवैद्य माहीत होते जे निखळलेला खांदा एका झटक्यात बसवतात, ते जबडाही बसवून देतील असा त्यांचा विश्वास. मी म्हटलं पप्पा, जबडा निखळलेलाच नाही तर बसवणार काय. एका दवाखान्यात तर मला सांगितलं की सगळ्या तारा काढून टाका आणि अक्कलदाढ पण काढा, आवाज बंद होईल. अक्कलदाढ माझी सरळ आणि शांत बसलेली, तिचा काय संबंध ते कुणी सांगेना.

इंटरनेटवर वाचायला गेले तर आणखी झोप उडाली. तिथे लोक छातीठोक लिहितात की चार दात काढून पुढचे दात मागे ओढले की खालचा जबडा मागे दाबला जातो आणि सांधा कायमचा खराब होतो. माझे तर चारच काढलेले.

मॅडमना फोन केला तर म्हणाल्या पुढच्या तारखेची वाट बघू नको, उद्याच ये. गेले. त्या दिवशी त्यांनी तारेला हातच लावला नाही. खुर्ची सरळ केली, माझ्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली आणि म्हणाल्या हळूहळू उघड, हळूहळू मीट. मग समोर येऊन बघितलं, तर तोंड उघडताना माझी हनुवटी आधी उजवीकडे जात होती, टक झालं की परत मधे येत होती. मला इतक्या दिवसांत आरशात हे दिसलंच नव्हतं. मग छोटी पट्टी घेऊन वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं, ३६ मिलिमीटर, म्हणाल्या मोठ्या माणसाचं साधारण चाळीसच्या पुढे असायला पाहिजे, आपलीच तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. मला तिसऱ्या बोटाला दुखत होतं. मग गालावरचे स्नायू दाबले, कानशिलावर दाबलं, आणि उजव्या गालावर एका जागी दाबल्यावर दुखणं थेट कानात गेलं. मॅडम म्हणाल्या बघ, तुझं दुखणं सांध्यापेक्षा जास्त इथे आहे, स्नायूत.

त्यानंतर दातांमध्ये पातळ निळा कागद धरून चावायला सांगितलं, कार्बन पेपरसारखा असतो तो, जिथे दात टेकतो तिथे डाग पडतो. उजवीकडच्या बाईट ब्लॉकवर गडद डाग, डावीकडे जवळपास काहीच नाही. डावीकडचं सिमेंट झिजून गेलं होतं, म्हणजे मी नुसत्या उजव्या बाजूवर टेकत होते आणि तेही रात्रभर दात आवळून.

मग त्यांनी एक प्लास्टिकची कवटी काढली आणि समजावलं. खालच्या जबड्याचं गोल टोक कानाच्या पुढच्या खोबणीत बसतं, आणि दोघांच्या मधे कूर्चेसारखी एक चकती असते, हाड हाडावर घासू नये म्हणून. काही लोकांची ही चकती थोडी पुढे सरकते. मग तोंड उघडताना जबड्याचं टोक पुढे येऊन चकतीवर चढतं, चालताना निसटलेल्या चपलेत पाय परत टक्कन जातो तसं, आणि तो आपल्याला ऐकू येतो तो आवाज. मिटताना पुन्हा निसटते. म्हणाल्या असा आवाज खूप लोकांना असतो, कित्येकांना माहीतही नसतं, आणि दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल तर त्याला काही करायची गरजही नसते. मी म्हटलं म्हणजे आवाज जाणारच नाही? म्हणाल्या, "जाईल पण, राहील पण. मी तुझं दुखणं घालवायच्या मागे आहे, आवाजाच्या नाही." त्या वेळी मला हे उत्तर अजिबात आवडलं नव्हतं. दर महिन्याला गाडीत बसून, हप्ते भरून, वर हे.

त्या दिवशी झालं ते एवढं: दोन्हीकडचे ब्लॉक निळा कागद लावून लावून सारखे केले, इलास्टिक बंद, आहे ती तार तशीच राहू द्यायची, काही नवीन ताण द्यायचा नाही. काही दिवस जेवणानंतर दुखण्याची गोळी आणि झोपताना स्नायू सैल करणारी गोळी, ती रिकाम्या पोटी घ्यायची नाही आणि मनाने वाढवायची नाही असं बजावलं. मऊ खायचं, मोठी जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, पालथं झोपायचं नाही, चिंगम बंद. आणि दिवसातून तीन-चार वेळा ओल्या कपड्याने गरम शेक. हे सगळं एप्रिल महिन्यात बरं का, जळगावचा पारा ४३च्या पुढे, रस्त्यावर माणूस नाही, आणि मी फॅनखाली बसून गरम पाण्यात नॅपकिन पिळून गालाला लावून राहिले. मम्मी म्हणे बाहेर उन्हात उभी राहा फुकटात शेक होईल.

पण सगळ्यात कामाची निघाली ती टिकली. मॅडमनी सांगितलं की वरचे-खालचे दात एकमेकांना फक्त चावताना आणि गिळताना टेकायला पाहिजेत, बाकी वेळ ओठ मिटलेले आणि दात सुटे, जीभ "न" म्हणताना जिथे लागते तिथे आरामात टेकलेली. तू दिवसातून किती वेळ दात आवळतेस ते बघ म्हणाल्या, जिथे सारखी नजर जाते तिथे टिकली लाव आणि ती दिसली की तपास. मी मोबाईलच्या मागे, पेपरांच्या गठ्ठ्यावर, फळ्याच्या कोपऱ्यात, स्कूटीच्या आरशावर टिकल्या लावल्या. आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी घाबरले मी. प्रत्येक वेळी दात आवळलेलेच. पेपर तपासताना तर असे की पोराने चुकीचं सूत्र लिहिलं की माझी दाढ त्याच्यावर राग काढायची. म्हणजे तारा असोत नसोत, हे काम मी कित्येक वर्षं करत असणार, तारांमुळे फक्त चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ते) बदलता राहिला आणि स्नायूंना ते झेपेना झालं.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या खान्देशात मऊ खा म्हणणं सोपं आणि कठीण दोन्ही. कळण्याची भाकरी गेली, शेंगदाणे, भत्ता, बिबडे सगळं गेलं, बट्टी मात्र वरणात चुरून तुपासोबत भिजू दिली की चालते. केळी होतीच, रावेर-यावलच्या राज्यात केळीला काय तोटा. आणि उन्हाळा असल्याने घरोघरी कुरडयांचा घाट सुरू होता, तर गव्हाचा गरम चीक दूध-साखर घालून वाटीभर, तो न चावता जातो. आजीने रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून मागवला. जंतांचा मुद्दा तिने तरीही सोडला नव्हता.

बरं वाटायला लागलं होतं आणि तेवढ्यात ते लॉक झालं. सकाळी उठले, चहा प्यायला तोंड उघडलं तर जेमतेम दोन बोटं, पुढे जाईचना, आणि आवाज पण नाही. टक नाही हेच जास्त भीतीदायक होतं. हलवून हलवून, खालचा जबडा डावीकडे सरकवून उघडायचा प्रयत्न केला तेव्हा एकदम मोठा कटकन आवाज झाला आणि तोंड उघडलं. मी बाथरूममध्येच बसून रडले. मॅडम फोनवर म्हणाल्या की चकती पुढे अडकली होती, सुटली हे चांगलं झालं, पण जोर लावून उघडायचा प्रयत्न परत करू नको, आणि आता दुसरं मत घेऊन टाकू, धुळ्याला डेंटल कॉलेजात जा, तिथे ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांचं, डिपार्टमेंट असतं. स्वतःचा पेशंट दुसरीकडे पाठवायला डॉक्टर सहसा राजी नसतात, यांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली.

अमळनेरहून धुळे एसटीने. कॉलेजात गर्दी, केसपेपर, मग एका शिकाऊ डॉक्टर मुलीने एवढे प्रश्न विचारले की बायोडाटा भरून घेतल्यासारखं झालं: झोप कशी लागते, डोकं दुखतं का, कुठल्या कुशीवर झोपता, पोटाचा त्रास, टेन्शन. मग सर आले आणि मी त्यांचा धडा झाले. सात-आठ पोरं-पोरी ओळीने उभी, एकेकाने हातमोजे घालून माझ्या कानापुढे बोट ठेवायचं आणि उघडताना कुठे टक होतं ते सांगायचं. एक मुलगा इतका हळू दाबत होता की सर म्हणाले अरे सांधा आहे, फुगा नाही. एकाने स्टेथोस्कोप लावला. मला वाटलं शरम वाटेल पण उलट मजा आली, मी पण शेवटी मास्तरीणच, कोण लक्ष देतंय आणि कोण नुसती मान हलवतंय ते मला लगेच कळत होतं.

एमआरआयचं मी विचारलं, कारण पप्पांनी पैसे काढूनच ठेवले होते. सर म्हणाले चकती बघायची तर एमआरआयच, एक्सरेमध्ये हाड दिसतं, चकती दिसत नाही, तोंड मिटून आणि उघडून असे दोन्ही फोटो काढतात. पण आज चकती कुठे आहे हे आम्हाला बोटाने कळतंय, एमआरआय केलं म्हणून उपचार बदलणार नाही, लॉक पुन्हा झालं आणि सुटलं नाही तर मग करू. पैसे वाचले. मी हिंमत करून तो दात काढल्याने सांधा बिघडतो वाला प्रश्न पण विचारला. तर म्हणाले ही शंका जुनी आहे, अमेरिकेत मिशिगनमध्ये १९८७ साली एका पेशंटने ब्रेसेसमुळे सांधा बिघडला म्हणून केस केली आणि कोर्टात तिला मोठी भरपाई मिळाली, लाखो डॉलर. त्यानंतर डॉक्टर मंडळी हादरली आणि यावर भरपूर अभ्यास झाले, दात काढलेले, न काढलेले, ब्रेसेस लावलेले, न लावलेले असे पेशंट वर्षानुवर्षं बघितले, आणि निघालं असं की ब्रेसेसने हा त्रास होतो असंही नाही आणि ब्रेसेसने तो बरा होतो असंही नाही. ज्या वयात लोक तारा लावतात त्याच वयात हा त्रास सुरू व्हायचा असतो, आणि बायकांमध्ये जास्त, म्हणून दोन्ही एकत्र दिसतात. मग पोरांकडे वळून म्हणाले, म्हणून तार लावायच्या आधी सांधा तपासून लिहून ठेवायचा, कळलं का. मॅडमच्या फाईलमध्ये माझं ते पान होतं, त्यात उजवीकडे हलका आवाज अशी नोंद पण होती. म्हणजे आवाज आधीपासूनच होता, मलाच पत्ता नव्हता. हे मी मावशीला फोटो काढून पाठवलं.

धुळ्याहून व्यायाम घेऊन आले आणि अमळनेरातच एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे ते शिकले. त्यांच्याकडे सगळे गुडघे आणि खांदे, जबडावाली मी एकटीच. आरशासमोर बसायचं, जीभ टाळूला टेकवायची आणि जीभ सुटणार नाही एवढंच तोंड उघडायचं, हनुवटी आरशात सरळ रेषेत खाली गेली पाहिजे. असं दहादा. मग हनुवटीखाली मूठ धरून हलका विरोध करत उघडायचं. मग बोटाने बाजूने विरोध. दिसायला काहीच नाही आणि सुरुवातीला आरशात माझी हनुवटी नागमोडी जायची. काही आठवड्यांनी सरळ जायला लागली. ताईंनी मान पण धरली, म्हणाल्या पेपर तपासताना तुमची मान पुढे लोंबते, त्याने खालचा जबडा ओढला जातो, मग मी गठ्ठा उताराच्या फळीवर ठेवून तपासायला लागले.

इलास्टिक परत सुरू झाले ते हळूच, आधीचे साडेचार औंसवाले सोडून साडेतीनचे, आणि आधी फक्त रात्री. त्यामुळे ट्रीटमेंट लांबली, त्यावर घरात पुन्हा भाषण झालं. पण मधेच तारा काढल्या असत्या तर फटी उघड्या आणि चावा अर्धवट राहिला असता, आणि दुखणं तरीही राहिलं असतं, कारण दात आवळणारी मी होते, तार नव्हे. ज्यांच्या तारा चालू असताना असा आवाज येऊन राहिला असेल त्यांना माझं एकच म्हणणं आहे, स्वतःहून इलास्टिक बंद करून गप्प बसू नका आणि तारीख येईपर्यंत सोसूही नका, फोन करा. दुखत नसेल तर ते घाईचं नसतं. पण तोंड उघडायचं कमी झालं, अडकलं, किंवा एका बाजूचा चावा अचानक उंच लागायला लागला तर त्याच दिवशी सांगा.

लॉक परत झालं नाही. पुढच्या दहावीच्या सीझनला थोडं दुखलं, शेक आणि टिकल्या पुन्हा सुरू केल्या, गेलं. तारा निघाल्या तेव्हा मॅडमनी पट्टीने मोजलं तर ४४ भरलं. दात छान आलेत. आवाज आहे, जांभईला आणि ऊस खायला गेले की येतो, क्लासमधली पहिल्या बाकावरची पोरं म्हणतात मॅडम वाजलं.

खालच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवलीय आणि वर रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर, दात परत सरकू नयेत म्हणून. मागच्या वेळी मॅडमनी तो उजेडात धरून दाखवला, उजव्या दाढेपाशी घासून पार पातळ झालाय, म्हणजे झोपेत दात खाणं चालूच आहे. आता जाड शीटचा कडक बनवणार आहेत, रिटेनरही तोच आणि रात्रीचं गार्डही तोच. त्याचे पैसे वेगळे लागतील, किती ते अजून विचारलं नाही. आजीला विचारलं तर ती जंतांचं औषध फुकट द्यायला तयार आहे.